उलटा अल्गिझ, कोरा दगड आणि ओथालाचं पेंडंट: रून्सचे अर्थ येतात कुठून?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही ऑनलाइन 25 दगडांचा रून सेट मागवला (रून्स म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीची अक्षरं, हल्ली ती दगडांवर कोरून भविष्य बघायला वापरतात), पहिल्याच वेळी अल्गिझ नावाचा रून उलटा आला, रून्स वाचून भविष्य सांगणाऱ्या एका रीडरला विचारलं तर त्यांनी सांगितलं की हे मृत्यूचं चिन्ह आहे, घरात कुणावर तरी संकट आहे, आणि पुढचा उपाय अर्थातच पैसे भरून करायचा होता. त्यात तुमचा भाऊ पुढच्या महिन्यात नोकरीसाठी जर्मनीला चाललाय आणि त्याच्यासाठी 'घर, मूळ, पूर्वज' असा अर्थ लिहिलेलं ओथाला या रूनचं पेंडंट तुम्ही कार्टमध्ये टाकून ठेवलंय. आणि शेवटी विचारलंय की या सगळ्याचा खरा आध्यात्मिक अर्थ काय.

पहिलं म्हणजे घाबरू नका, रीडरला एक रुपयाही पाठवू नका. आणि पेंडंटची ऑर्डर थांबवा, त्याचं कारण खाली सांगते.

मी स्वीडनमध्ये उप्सालाजवळ राहते, रून्स लाकडात कोरते, कुणी विचारलं तर काढून वाचतेही, त्यामुळे 'हे सगळं थोतांड' म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय ती अशी की कुणी रूनचा अर्थ सांगितला की आधी विचारायचं, हा अर्थ कधीचा? कारण एका रूनवर तीन वेगवेगळ्या काळांतले अर्थ चढलेले असतात आणि सेटसोबत येणाऱ्या त्या छोट्या पुस्तिकेत ते सगळे एकाच ओळीत, एकाच फॉन्टमध्ये छापलेले असतात, वाचणाऱ्याला वाटतं सगळं व्हायकिंगांनीच सांगून ठेवलंय.

सगळ्यात जुना थर म्हणजे प्रत्यक्ष कोरलेले लेख. डेन्मार्कच्या फ्युन बेटावर विमोसच्या दलदलीत एक कंगवा मिळाला, साधारण इ.स. 160 चा, त्यावर फक्त 'हार्या' एवढंच कोरलंय, बहुतेक कुणाचं तरी नाव. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर एका कबरीजवळ 1903 मध्ये सापडलेल्या क्युल्वरच्या शिळेवर 24 रून्सची आख्खी रांग ओळीने कोरलीय, काळ साधारण इ.स. 400. रांगेची सुरुवात फ, उ, थ, आ, र, क अशी होते म्हणून नाव फुथार्क. पण अर्थ सांगणारी एकही ओळ त्या शिळेवर नाही, आणि त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूवरही नाही. फेहू, उरुझ, अल्गिझ ही जी नावं आपण वापरतो ती अभ्यासकांनी नंतरच्या भाषांवरून मागे जाऊन बांधलेली आहेत.

दुसरा थर रून-कवितांचा. या तीन आहेत: जुन्या इंग्रजीतली, नॉर्वेतली 13 व्या शतकातली, आणि आइसलँडमधली त्याहून उशिराची. इंग्रजी कवितेचं हस्तलिखित 1731 च्या आगीत जळालं, 1705 मध्ये ती छापून ठेवली होती म्हणून वाचली, नाहीतर आज 24 पैकी काही रून्सबद्दल बोलायला आपल्याकडे काहीच उरलं नसतं. आपण शाळेत 'ग गणपतीचा' शिकलो तसंच हे आहे, फक्त इथे अक्षराचं नावच ती वस्तू असते आणि प्रत्येक वस्तूवर दोन-तीन ओळींचं कडवं असतं. अक्षरं पाठ व्हावीत म्हणून केलेली रचना. त्यामुळे 'गुप्त ज्ञान' वगैरे ऐकलं की मला जरा हसू येतं, पण कडवी मात्र खरंच फार सुंदर आहेत, आणि माझ्या मते रून्समधलं खरं चिंतन तिथेच आहे.

फेहूचंच बघा. पुस्तिकेत लिहिलेलं असतं, 'पैसा, भरभराट, यश'. मूळ शब्द गुराढोरांचा, त्या काळची संपत्ती म्हणजे गुरं. नॉर्वेची कविता म्हणते, पैशाने भावकीत भांडणं लागतात, लांडगा रानात वाढतो. बस, एवढंच, दोन ओळी शेजारी ठेवल्यात, संबंध तुम्ही लावा. आइसलँडची कविता पैशाला भावकीतलं भांडण तर म्हणतेच, वर समुद्राचा जाळ आणि सापाची वाट म्हणते, कारण त्यांच्या गोष्टींत सोन्यावर नाग-ड्रॅगन पसरलेला असतो. इंग्रजी कविता म्हणते संपत्ती सगळ्यांना आधार देते, पण देवापुढे मान हवा असेल तर माणसाने ती सढळ हाताने वाटावी. आता हे तिन्ही एकत्र वाचलं की 'पैसा येणार' हे उत्तर किती पोकळ आहे ते दिसतं. माझ्याकडे एकीने वडिलांचं घर विकण्याबद्दल विचारलं होतं आणि फेहू आला, मी फक्त ही कडवी मराठीत सांगितली, आणि पुढचा तासभर आम्ही घराच्या किमतीवर बोललोच नाही, तिच्या दोन भावांवर बोललो.

आणखी एक उदाहरण, कारण यात पुस्तिका हमखास घसरते. क-ध्वनीचा रून. इंग्रजी कवितेत तो मशाल आहे, राजेरजवाडे बसलेल्या दालनात उजळणारी. नॉर्वे आणि आइसलँडच्या कवितांत तोच रून म्हणजे गळू, लेकरांचा जीव घेणारं. आता पुस्तिकेतलं 'ज्ञानाचा प्रकाश, सर्जनशीलता' कुठून आलं? इंग्रजी कडवं घेतलं, दुसरी दोन सोडून दिली. मला गळूवाला अर्थही तितकाच हवा असतो, पण तो विकला जात नाही हे समजू शकते.

आता तुमचा अल्गिझ. याच्याबद्दल जुनं कडवं एकच आहे, इंग्रजी कवितेतलं, आणि ते एका दलदलीतल्या गवताबद्दल आहे, हात घातला तर कापून रक्त काढणारं. 'संरक्षण', 'देवदूताचे पंख', 'वर उचललेले हात' यातलं काहीही तिथे नाही. संरक्षणाशी संबंध लावायचाच तर असा लावता येईल की ज्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही तो सुरक्षित राहतो, मी स्वतः तसाच लावते, पण तो माझा लावलेला अर्थ आहे हे समोरच्याला सांगून.

आणि उलटेपणाचं म्हणाल तर गंमत बघा. जुन्या लेखांमध्ये हा रून शब्दाच्या शेवटी येणारा 'झ'सारखा ध्वनी लिहायला वापरायचे, आणि तो कधी वर फांद्या असलेला तर कधी खाली फांद्या असलेला कोरलेला सापडतो. ध्वनी तोच! कोरणाऱ्याला काही फरकच वाटत नव्हता. लिहिण्याची दिशाही ठरलेली नव्हती, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, कधी एक ओळ इकडून तर दुसरी तिकडून, बैल नांगरताना वळतो तशी. पुढे 8 व्या शतकाच्या आसपास स्कँडिनेव्हियात 24 चे 16 रून्स झाले तेव्हा खाली फांद्यांवाली आकृती जुन्या ध्वनीकडे राहिली, तिचं नाव झालं यू नावाचं झाड, ज्याच्या लाकडाचे धनुष्य करायचे, आणि वर फांद्यांवाली आकृती 'म'साठी गेली, म्हणजे माणूस.

मग मृत्यू आला कुठून? हा तिसरा थर, आणि तो जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. व्हिएन्नाचा गिडो फॉन लिस्ट नावाचा लेखक होता, 1902 मध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बरेच महिने डोळ्यांवर पट्टी होती आणि त्या काळात रून्सचं रहस्य आपल्याला उलगडलं असा त्याचा दावा. त्याने 18 रून्सची स्वतःची पद्धत काढली, 18 का, तर 'हावामाल' या जुन्या नॉर्स (म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या) काव्यात ओडिन या मुख्य देवाला येणारे 18 मंत्र आहेत म्हणून. त्याच्या पद्धतीत वर फांद्यांवाला रून म्हणजे जीवन आणि खाली फांद्यांवाला म्हणजे मरण अशी जोडी बसली. पुढे नाझींनी हीच जोडी उचलली, लोकांच्या निधनाच्या जाहिरातीत जन्मतारखेपुढे एक आणि मृत्यूच्या तारखेपुढे दुसरा रून छापायचे, एसएस या नाझी सशस्त्र दलाच्या कबरींवरही मरणाचा रून लावला. तुमच्या रीडरने सांगितलेला 'प्राचीन' अर्थ हा असा आहे. त्यांना माहीत असेल असं मला वाटत नाही, पुस्तिकेतून पुस्तिकेत आलेलं असतं सगळं.

सेटमधला पंचविसावा कोरा दगड तर याहूनही नवा, 1982 मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तक-आणि-सेटबरोबर तो लोकप्रिय झाला. नियती, ओडिन वगैरे नावं त्याला दिली जातात. जुना असा कोरा रून कुठेच नाही, आणि खरं सांगायचं तर काहीही न कोरलेलं अक्षर असणार तरी कसं? तुम्हाला वापरायचा असेल तर वापरा, मी नाही वापरत. उलट अर्थांचंही तसंच. 24 पैकी 9 रून्स तर फिरवले तरी तसेच दिसतात, बर्फाचा रून नुसती उभी रेघ आहे, ती उलटी करणार कशी. आणि गरजही नाही, कारण चांगली-वाईट दोन्ही बाजू कडव्यातच आहेत. नाउथिझचं, म्हणजे गरजेच्या रूनचं, कडवं म्हणतं, गरज छातीवर दडपून बसते, पण वेळीच तिचं ऐकलं तर तीच मदतीला येते. उलटा पडायची वाट कशाला बघायची?

इथे एक कबूल करायला हवं की हे कुणाला काय हवंय त्यावर आहे. टॅरोच्या पत्त्यांसारखं साधन हवं असेल, मनातलं बाहेर काढायला, तर नवे अर्थ, उलटे अर्थ, कोरा दगड सगळं चालेल, त्यानेही लोकांना मदत होते हे मी बघितलंय. फक्त मग त्याला 'प्राचीन जर्मानिक विद्या' (जर्मानिक म्हणजे जर्मन, इंग्रज, स्कँडिनेव्हियन यांचे पूर्वज) म्हणू नका. आणि प्राचीनच हवं असेल तर हेही मान्य करा की फार थोडं उरलंय आणि मधली जागा आपण भरतोय.

म्हणजे जुन्या काळी यात जादू-अध्यात्म काही नव्हतंच का? होतं की, अगदी खात्रीने होतं. सोन्याच्या पातळ पदकांवर आणि हाडांवर 'आलू' हा शब्द परत परत येतो (हिंदीतला नव्हे!), त्याचा अर्थ नक्की कुणालाच लावता आलेला नाही पण तो ताईतावरचा शब्द आहे हे उघड आहे. स्वीडनच्या दक्षिण टोकाला लिंडहोल्म इथे सापडलेल्या हाडाच्या तुकड्यावर 'आ' सलग आठ वेळा, मग तीन वेळा आपला तो 'झ', आणि शेवटी 'आलू', हे कुणाला पाठवलेलं पत्र नक्कीच नाही. ब्लेकिंग प्रांतातल्या ब्योर्केटोर्पच्या उंच दगडावर तर जो हे स्मारक मोडेल त्याला शाप दिलाय. पण त्याच लिपीत नॉर्वेच्या बर्गन शहरात, 1955 च्या आगीनंतर बंदराच्या भागात उत्खनन झालं तेव्हा शेकडो लाकडी काड्या निघाल्या, व्यापाऱ्यांच्या मालावरची नावं, प्रेमाचे निरोप, आणि एक अशी की 'ग्युदा म्हणते तू घरी ये'. बहुतेक नवरा गुत्त्यात बसला असणार. दोन्ही खरंय, शापही आणि ग्युदाही. तुमच्या मोबाइलमधलं ब्लूटूथचं चिन्हसुद्धा दोन रून्स एकत्र करून केलंय, 10 व्या शतकातल्या डॅनिश राजा हाराल्ड ब्लूटूथच्या नावाची आद्याक्षरं, आणि त्याने कुणाच्या आयुष्यात प्रकाश पडल्याचं ऐकिवात नाही.

'हावामाल'मध्ये ओडिन स्वतःच सांगतो की तो वाऱ्यात हेलकावणाऱ्या झाडाला नऊ रात्री टांगून राहिला, भाल्याने जखमी, 'स्वतःच स्वतःला अर्पण' केलेला, कुणी भाकर दिली नाही की पाणी, मग त्याने खाली बघितलं, किंचाळत रून्स उचलले आणि कोसळला. सगळे इथपर्यंतच सांगतात. त्याच्यापुढची कडवी मला जास्त महत्त्वाची वाटतात, तिथे सरळ विचारलंय, तुला कोरता येतं का, वाचता येतं का, रंगवता येतं का, मागता येतं का, आणि लगेच पुढे म्हटलंय की अति अर्पण करण्यापेक्षा मागूच नये ते बरं. एगिल या वीर-कवीच्या सागामध्ये (सागा म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्यकथा) तर याचीच गोष्ट आहे: एक मुलगी अंथरुणाला खिळलेली, एगिल तिच्या बिछान्याखाली शोधतो तर व्हेलच्या हाडावर कुणीतरी रून्स कोरून ठेवलेले, तिचं प्रेम मिळावं म्हणून एका पोराने हौसेने कोरले होते, चुकीचे. एगिल ते खरवडतो, जाळतो, नवे कोरून उशीखाली ठेवतो, ती बरी होते, आणि तो म्हणतो, ज्याला नीट वाचता येत नाही त्याने रून्स कोरू नयेत. तुमच्या रीडरना हे कडवं पाठवायला हरकत नाही.

आता मी कसं करते. इ.स. 98 च्या सुमारास रोमन लेखक टॅसिटसने जर्मानिक लोकांबद्दल लिहिलंय की ते फळ देणाऱ्या झाडाची फांदी तोडतात, तिचे तुकडे करून त्यांवर खुणा करतात, पांढऱ्या कापडावर कसेही टाकतात, मग पुजारी किंवा घरातला कर्ता पुरुष देवांना प्रार्थना करून आकाशाकडे बघत एकेक असे तीन तुकडे उचलतो. त्या खुणा रून्सच होत्या असं तो म्हणत नाही, त्यामुळे मीही म्हणत नाही, पण पद्धत छान आहे म्हणून मी ती घेतलीय, पांढरा पंचा, तीन तुकडे. भूत-वर्तमान-भविष्य असं काही मी लावत नाही. प्रश्न आधी मोठ्याने बोलायला लावते, तीन कडवी सांगते आणि विचारते की यातलं कुठलं टोचलं. बहुतेक वेळा माणसाला स्वतःलाच माहीत असतं.

एक सुचवू का? तो पॉलिश केलेला सेट बाजूला ठेवा आणि एक रून स्वतः कोरा. आंबा, पेरू, काहीही फळझाडाची बोटभर जाडीची फांदी, साल एका बाजूने सपाट सोलायची, फांदी आडवी धरायची आणि लाकडाच्या रेषांना छेदून उभी रेघ कापायची, सुरी एकदा या बाजूने तिरकी आणि एकदा त्या बाजूने, की मधली बारीक ढलपी उडून खाच तयार होते. मग तिरक्या रेघा. आता तिथेच एक आडवी रेघ मारायचा प्रयत्न करा, सुरी लाकडाच्या रेषेतून सुळकन घसरत जाते, एकतर रेघ दिसतच नाही नाहीतर लाकूड फाटतं. जुन्या रून्समध्ये आडवी रेघ का नाही याचं सगळ्यात सरळ स्पष्टीकरण हातालाच मिळतं. खाचेत गेरू जवसाच्या तेलात कालवून भरायचा. इकडचे रूनदगड आज लाल रंगवलेले दिसतात ती आधुनिक काळातली देखभाल आहे, पण काही दगडांवर जुन्या रंगाच्या खुणाही सापडल्यात.

ओथालाचं मात्र स्पष्ट सांगते, भावाला देऊ नका. कडवं अतिशय गोड आहे, आपलं घर प्रत्येकाला प्रिय असतं, तिथे न्यायाने आणि सुखात राहता आलं तर. पण हाच रून एसएसच्या सातव्या डिव्हिजनने, बाल्कनमध्ये लढणाऱ्या, बिल्ल्यावर घेतला, युद्धानंतर जर्मनीत 1994 मध्ये बंदी घातलेल्या एका निओ-नाझी युवक संघटनेचं चिन्ह तोच होता, आणि 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका निओ-नाझी संघटनेने स्वस्तिक काढून त्या जागी हाच लावला. जर्मन दंडसंहितेच्या कलम 86अ मध्ये अशा संघटनांची चिन्हं जाहीरपणे वापरणं गुन्हा आहे. संदर्भ बघितला जातो हे खरं, पण तुमच्या भावाने नव्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात संदर्भ समजावत का बसायचं? स्वस्तिकाबाबत आपल्याला हे वेगळं सांगायला नको (डेन्मार्कच्या स्नोल्डेलेव्हच्या रूनदगडावरही स्वस्तिक आहे बरं का, व्हायकिंग काळाच्या सुरुवातीचं). विजेसारखा दिसणारा सोविलो, बाणासारखा तिवाझ आणि दुर्दैवाने अल्गिझसुद्धा तिकडे गळ्यात नकोच. आणि त्याच दुकानात 'व्हायकिंग होकायंत्र' म्हणून वेग्विसिर विकत असतील तर तो रून नाही, 1860 च्या आइसलँडिक हस्तलिखितातली आकृती आहे.

काही द्यायचंच असेल तर रायदो द्या, प्रवासाचा रून. त्याचं इंग्रजी कडवं असं आहे की घोडेस्वारी दालनात बसलेल्याला फार सोपी वाटते, आणि मैलोनमैल रस्त्यावर घोड्यावर बसलेल्याला मात्र अवघड. परदेशी निघालेल्या माणसाला, आणि त्याला मागे राहून सल्ले देणाऱ्या आपल्यालाही, याहून नेमकं काय सांगणार. किल्ल्यांच्या जुडग्याला लाकडी तुकडा पुरे, तो तुम्ही स्वतः कोरलात तर उत्तमच.

आणि तुमच्या सेटचा सगळे दगड दिसतील असा एक फोटो टाका. ऑनलाइन सेटमध्ये कितीदा थोरला फुथार्क (म्हणजे ती 24 ची जुनी रांग), इंग्रजी रून्स आणि लिस्टचे 18 यांची सरमिसळ असते, एखाददुसरा आरशातल्यासारखा कोरलेला असतो, नावाची चिठ्ठी भलत्याच दगडाला लावलेली असते. अल्गिझ म्हणून जो आला तो अल्गिझच होता का, हे आधी बघू.